बेस्ट समितीस खुले पत्र: पुढचा भाडेकरार करण्याआधी

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य, बेस्ट समिती,
महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम,
आणि आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

जून २०१९ मध्ये बेस्ट, महापालिका आणि कामगार संघटना यांच्यात लेखी करार झाला. स्वमालकीच्या ३,३३७ बसगाड्या कायम ठेवायच्या, असे त्यात स्पष्ट नमूद होते. २०२५ संपताना ताफा साधारण २,७०० गाड्यांवर आला आणि त्यात स्वमालकीच्या पाचशेही उरल्या नाहीत. बाकी सगळ्या भाडेतत्त्वावरच्या, म्हणजे खासगी कंत्राटदारांच्या. आयुर्मान संपलेली गाडी भंगारात काढायची आणि तिच्या जागी भाड्याची आणायची, असे वर्षानुवर्षे होत गेले. स्वतःचा ताफा बंद करण्याचा ठराव कुणी मांडला नाही आणि कुणी त्यावर मतही दिले नाही. २०२२ च्या मार्चपासून तर असा ठराव ज्यांच्यापुढे यावा ते नगरसेवकच पालिकेत नव्हते.

खासगी की सार्वजनिक हा वाद मुंबईला नवा नाही. १८७४ ची घोड्यांची ट्राम खासगी कंपनीची होती, १९२६ ची पहिली बसही खासगी कंपनीचीच. ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेने ते सगळे आपल्याकडे घेतले. प्रत्येक गाडीवर पालिकेचीच मालकी हवी, असा आमचा हट्ट नाही. मात्र आगार, वेळापत्रक, चालकाचे प्रशिक्षण आणि अडचणीत रस्त्यावर काढता येतील इतक्या स्वतःच्या गाड्या, एवढ्या गोष्टी हातातून गेल्या की करार कितीही कडक लिहिला तरी तो पाळून घेता येत नाही. आज यांतल्या दोन जवळजवळ गेल्या आहेत आणि उरलेल्या दोन जाण्याच्या बेतात आहेत.

आधी आपल्यापुढे दरवेळी येणाऱ्या तक्त्याबद्दल. एका रकान्यात स्वमालकीच्या बसचा प्रति किलोमीटर खर्च, शेजारी भाड्याच्या बसचा दर. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट दिसतो आणि चर्चा तिथेच संपते. या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. भाड्याच्या दरात वाहकाचा पगार नसतो, आगाराच्या जमिनीचे भाडे नसते, बसथांबे, तिकीट यंत्रे, नियंत्रण कक्ष, निरीक्षक यांपैकी काही नसते. स्वमालकीच्या आकड्यात हे सगळे असते आणि वर निवृत्तांची देणीही असतात. त्यातही फसवी गोष्ट अशी की ताफा घटला म्हणून हा ठरलेला खर्च घटत नाही, तो कमी किलोमीटरांवर वाटला जातो. समजा आगारे, कार्यशाळा, प्रशासन आणि जुनी देणी मिळून वर्षाला ४०० कोटी लागतात. ३,३०० गाड्या रोज सरासरी १५० किलोमीटर धावल्या तर वर्षाचे सुमारे १८ कोटी किलोमीटर होतात आणि हा बोजा किलोमीटरमागे २२ रुपये पडतो. गाड्या ४५० च राहिल्या तर किलोमीटर अडीच कोटींच्याही आत येतात आणि तोच बोजा १६२ रुपये होतो. गाडी तीच, चालक तोच, डिझेलही तेवढेच. मग कुणीतरी हा आकडा दाखवून म्हणतो की स्वमालकी परवडत नाही, उरलेल्याही काढा. हा तक्ता पुन्हा समोर आला तर एकच विचारावे: ठरलेला खर्च बाजूला काढून आणि वाहक, जागा, चार्जर दोन्हीकडे सारखे धरून हिशेब कुठे आहे?

आता कराराकडे. पद्धत साधी आहे. गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. मार्ग, तिकीटदर, वाहक आणि तिकिटाचे उत्पन्न बेस्टचे. कंत्राटदाराला पैसे धावलेल्या किलोमीटरवर, आणि रोजच्या ठरावीक किलोमीटरांची हमी. मुंबईच्या रस्त्यावर हे गणित कसे बिघडते ते एका मार्गावर पाहू.

मार्ग ११ किलोमीटरचा, म्हणजे जाऊन-येऊन २२. ताशी १० किलोमीटर वेग मिळाला तर फेरीला १३२ मिनिटे, दोन्ही टोकांच्या थांब्यांची १८ धरून १५०. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर १५ गाड्या लागतात. १४ तासांत एक गाडी साडेपाच फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम १२३ किलोमीटर करते. वेग ताशी १४ च्या थोडा वर गेला तर फेरी ११० मिनिटांत उरकते, ११ गाड्या पुरतात आणि एकेक गाडी १६८ किलोमीटर जाते. आता हमी रोज १८० किलोमीटरची असेल, तर पहिल्या परिस्थितीत न धावलेल्या ५७ किलोमीटरांचेही काही ना काही पैसे बेस्ट मोजते. कोंडीचा दंड प्रवासी भरतो आणि पालिकाही भरते. बसमार्गिकेचा, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या पट्ट्याचा, खर्च कुणी काढला की हे चार गाड्यांचे गणित समोर ठेवावे. नव्या गाड्या आणण्याइतकाच उपयोग आहे त्या गाड्या हलत्या ठेवण्याचा होतो, आणि रस्ता तर पालिकेच्याच ताब्यात आहे.

किलोमीटरवर पैसे मिळाले की वागणूकही तशीच होते. कंत्राटदाराच्या बिलात प्रवासी कुठेच नसतो. थांबा चुकला तरी किलोमीटर भरतात. दोन गाड्या एकामागोमाग आल्या तरी दोघींचे भरतात. संध्याकाळी सहाची कोंडीतली फेरी त्याला नको असते, रात्री नऊची मोकळ्या रस्त्यावरची हवी असते. ‘गाडी नादुरुस्त’ हा शेरा नेमका गर्दीच्या वेळी का वाढतो, ते आगाराच्या वहीत तासावार पाहिले की कळते. म्हणून देयकाचे तीन तुकडे करा. गाडीच्या भांडवलाचे पैसे प्रति गाडी प्रति दिवस, पण गाडी सकाळी वेळेवर फाटकाबाहेर पडली तरच. चालकाच्या पगाराचे पैसे प्रति तास, कारण चालक कोंडीत उभा असला तरी कामावरच असतो. किलोमीटरवर फक्त ऊर्जा, टायर आणि झिजणारे भाग. दंडही पूर्ण फेरी रद्द झाल्यावरच नको. पहिल्या थांब्यावरून वेळेआधी सुटलेली गाडी, दोन गाड्यांमधले अंतर ठरल्याच्या दीडपट होणे आणि चुकलेला थांबा यांवर हवा. गाडी कुठे आहे हे यंत्र दर काही सेकंदांनी सांगतेच. ती माहिती आणि तिकिटांची माहिती बेस्टच्या मालकीची असावी, बेस्टच्याच सर्व्हरवर असावी आणि करार संपल्यावर कंपनीने ‘देता येत नाही’ म्हणायची सोय नसावी.

पगाराचे कलम सगळ्यात महत्त्वाचे, आणि निविदेत सगळ्यात कमी वाचले जाणारे. दोन पाळ्यांत गाडी चालवायला दोन चालक पुरत नाहीत. आठवड्याची सुट्टी धरली की २.३३ होतात, रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले की गाडीमागे २.६ च्या खाली जाता येत नाही. सर्वात कमी दर भरणारा कंत्राटदार २.१ वर काम भागवतो. ती तूट डबल ड्युटीने भरली जाते. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ही मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ पासून ठरलेली शिस्त आहे; १६ तास बसलेल्या चालकाच्या हातात १२ मीटरची गाडी द्यायची नाही, एवढाच तिचा अर्थ. ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या गाड्यांचे चालक पगारवाढीसाठी आठवडाभर कामावर आले नाहीत तेव्हा शेकडो गाड्या आगारात उभ्या राहिल्या आणि बेस्टला आपले चालक बसवून थोड्याफार गाड्या काढाव्या लागल्या. आता तेवढे स्वतःचे चालकही उरत नाहीत.

उपाय अवघड नाही. निविदेत चालकांचा पगार स्पर्धेबाहेर ठेवा. पदवार रक्कम, भविष्य निर्वाह निधी, विमा, रजा हे सगळे बेस्टने आधी लिहून द्यावे आणि कंपन्यांनी उरलेल्या भागावर दर लावावा. महागाईप्रमाणे पगाराचा भाग दर सहा महिन्यांनी आपोआप वाढावा. दरमहा बिल मंजूर करताना आधीच्या महिन्याच्या पगाराच्या बँकेतल्या नोंदी जोडलेल्या असाव्यात. पगार थकला तर मूळ मालकाने, म्हणजे इथे बेस्टने, तो परस्पर द्यायचा आणि कंत्राटदाराच्या बिलातून कापायचा, हे तत्त्व कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून आहेच. ते वापरण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत करारात घालावी. नाशिकच्या सिटीलिंक बससेवेत वाहक पुरवणारा कंत्राटदार वेगळा. पगार थकले की वाहक थांबतात, आणि गाड्या व चालक तयार असूनही शहराची सेवा ठप्प होते. हे एकापेक्षा जास्त वेळा घडले आहे. एका फेरीसाठी दोन कंत्राटदार लागणारी रचना मुंबईत आणू नये.

प्रशिक्षणाबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे माणसे मेली आहेत. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला पश्चिमेला ३३२ क्रमांकाच्या मार्गावरची भाड्याची विजेवरची बस गर्दीत घुसली. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. विजेच्या मोठ्या गाडीवर चालकाला बसवताना काय शिकवले पाहिजे, तेवढेच आम्ही सांगतो. क्लच आणि गिअरची सवय असलेला चालक दोन पेडलच्या गाडीत बसला की त्याचा डावा पाय मोकळा राहतो आणि घाईच्या क्षणी जुन्या सवयीने हलतो. विजेच्या मोटरचा जोर पेडल दाबताक्षणी पूर्ण येतो, इंजिनासारखा चढत येत नाही, आणि वाढत्या आवाजाची सूचनाही मिळत नाही. पेडल सोडले की गाडी मोटरच्या उलट ओढीने मंदावते, पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना ही ओढ कमी होते; म्हणजे पहाटेच्या पहिल्या फेरीत गाडी दुपारच्या गाडीसारखी थांबत नाही. हे ज्याला कुणी सांगितले नाही त्याला ते वाहतुकीत कळते.

मिनी गाडीवरून १२ मीटरच्या गाडीवर येताना वळणात मागचे चाक किती आत येते आणि मागचा भाग किती बाहेर झुकतो, हे वेगळेच शिकावे लागते. आमच्या मते मिनीवरून मोठ्या विजेच्या गाडीवर येणाऱ्याला आधी मोकळ्या मैदानात दोन दिवस, मग रिकाम्या गाडीसह रस्त्यावर किमान आठ दिवस, त्यात एक दिवस पूर्ण बॅटरीने आणि एक रात्रीचा, आणि नंतर प्रवाशांसह पाच दिवस शेजारी प्रशिक्षक, एवढे हवेच. परीक्षा बेस्टच्या प्रशिक्षकाने घ्यावी. परवान्यासारखे गाडीच्या प्रकाराचे कार्ड द्यावे आणि ते यंत्राला लावल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये. चालक परत मिनीवर गेला आणि तीन महिन्यांनी आला तर एक दिवसाची उजळणी. कंत्राटदाराने दिलेले ‘प्रशिक्षण झाले’ असे पत्र कागद म्हणून ठीक आहे, त्यावर गाडी सोपवू नये.

देखभालीत बेस्टचे स्वतःचे डोळे हवेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये लागोपाठ आगी लागल्यावर ४०० सीएनजी गाड्या एकदम सेवेतून काढाव्या लागल्या, कारण त्या एकाच कंत्राटदाराच्या होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये दर परवडत नाही म्हणून दुसऱ्या एकाने काम सोडले आणि अडीचशेहून जास्त मिनी गाड्या गेल्या. रेल्वे स्थानकांपासून वस्त्यांपर्यंतचे छोटे मार्ग त्यात सर्वाधिक अडकले. तिथे दुसरी बस नव्हतीच, शेअर रिक्षा होती. कोणताही एक कंत्राटदार किंवा एक मॉडेल ताफ्याच्या १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, ही मर्यादा करारात नव्हे, समितीच्या ठरावात असावी. म्हणजे स्वस्त दराच्या मोहाने ती वाकवता येणार नाही.

प्रत्येक आगाराच्या फाटकावर, कंत्राटदाराचे असले तरी, बेस्टचा एक फोरमन असावा आणि गाडी थांबवायचा अधिकार त्याच्याकडे असावा. त्याने रोज पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत: ब्रेकच्या हवेचा दाब इंजिन किंवा मोटर बंद असताना पाच मिनिटांत किती उतरतो, दरवाजा बंद झाल्याशिवाय गाडी हलते का, अग्निशामक, टायरची नक्षी, आपत्कालीन दाराची कडी. सीएनजी गाडीत सिलिंडरच्या तीन वर्षांच्या चाचणीची तारीख आणि नळ्या जिथे गाडीच्या अंगाला घासतात ती जागा. विजेच्या गाडीत बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाची पातळी आणि विद्युतरोधनाचा, म्हणजे वीज गळत असल्याचा, इशारा. हा इशारा खोडून गाडी काढायची नाही. विजेच्या गाडीचे ब्रेक लायनर कमी झिजतात म्हणून कुणी ते उघडूनच पाहत नाही, मग धूळ-पाण्याने ते अडकतात. कागदावर ‘चांगले’ असे लिहिलेले असते.

आगारांबाबत आमचे म्हणणे थोडक्यात. इतर सगळे पुन्हा विकत घेता येते, मुंबईत आगाराची जागा पुन्हा मिळत नाही. जागा भाड्याने द्या, चार्जर लावायला द्या, पण चार्जर, ट्रान्सफॉर्मर आणि उच्चदाबाची जोडणी बेस्टच्या नावावर ठेवा. नाहीतर करार संपल्यावर कंत्राटदार गाड्या नेतो आणि चार्जरही नेतो, आणि पुढच्या निविदेत तोच एकटा स्वस्त ठरतो. आकडा मोठा आहे: १०० गाड्या, रोज १८० किलोमीटर, वातानुकूलनासह किलोमीटरला १.३ युनिट धरले तर रात्रीत २३,४०० युनिट. सहा तासांत भरायचे तर सरासरी ३.९ मेगावॉट सलग. शहर भागात वीजवितरण बेस्टचेच आहे. देशातल्या दुसऱ्या बससेवांना ही सोय नाही. उपनगरांत मात्र वीज दुसऱ्या कंपन्यांकडून घ्यावी लागते, तिथले अर्ज गाड्या येण्याच्या आधी वर्षभर जायला हवेत. पुनर्विकासाच्या आराखड्यात किती गाड्या उभ्या राहतील यापेक्षा किती गाड्या एका वेळी वळतील, धुतल्या जातील आणि भरल्या जातील हे विचारा. खांबांच्या रांगांत १२ मीटरची गाडी वळत नाही.

जुन्या स्वमालकीच्या काळाचे गोडवे आम्ही गात नाही. चारशे रुपयांच्या सुट्या भागासाठी महिनोन्महिने निविदा निघत असे आणि गाडी तेवढा काळ उभी राही. वेळापत्रके वीस वर्षांपूर्वीच्या वेगावर आखलेली असत. भाड्याच्या पद्धतीने वातानुकूलित आणि विजेच्या गाड्या भांडवल न घालता लवकर आल्या, आणि १२ मीटरची एक गाडी दीड कोटीच्या आसपास पडत असताना ते कमी नव्हते. खासगी चालवणूक आणि सार्वजनिक नियंत्रण एकत्र नांदतात, हे लंडनने दाखवले आहे: २६ ऑक्टोबर १९८६ रोजी ब्रिटनमध्ये बससेवा खासगी कंपन्यांना मोकळी सोडली गेली तेव्हा लंडनमध्ये मार्ग, तिकीटदर आणि वेळापत्रक सार्वजनिक संस्थेकडेच राहिले. मँचेस्टरने मोकळीक अनुभवली आणि सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सगळे मार्ग पुन्हा नियंत्रणाखाली घेतले. गाड्या आजही खासगी कंपन्याच चालवतात. पण आगारे तिथल्या परिवहन संस्थेने आधी विकत घेतली. आपल्याकडे आगारे आहेत. ती आहेत तोवर हे जमेल.

मग स्वतःच्या किती हव्यात? उद्या सगळ्यात मोठा कंत्राटदार एका रात्रीत थांबला तर निम्मी तरी सेवा भरून काढता यावी, हे माप धरा. एकूण ४,००० गाड्यांचे लक्ष्य आणि १५ टक्क्यांची मर्यादा धरली तर सर्वात मोठा ६०० चा. स्वतःच्या १,४०० असतील तर आपल्या मार्गांवरचे अंतर दहावरून बारा मिनिटांवर नेऊन सुमारे २३३ गाड्या मोकळ्या होतात, आणि आठ टक्के राखीव गाड्या ११२. मिळून ३४५, निम्म्याहून थोड्या जास्त. वर धरलेल्या साडेचारशेतून याच हिशेबाने १११ निघतात. नवीन हजार गाड्या दीड कोटीने १,५०० कोटींच्या. तीन वर्षांत घ्यायच्या तर वर्षाला ५००. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यात बेस्टला १,००० कोटी दिले होते. म्हणजे हा बोजा अर्थसंकल्पाच्या एक टक्क्याहून कमी आहे. फक्त ही रक्कम भांडवली म्हणून वेगळी द्यावी. तोट्याच्या अनुदानात मिसळली की ती भाड्याच्या बिलांत जिरते आणि वर्षाअखेरीला एकही गाडी आलेली नसते.

नव्या गाड्यांत २०० तरी मिनी असाव्यात, त्याही स्वतःच्या, स्थानकाजवळच्या मार्गांसाठी. त्यांच्यासाठी वाहकांची भरती आणि कार्यशाळेतल्या फिटरांची भरती याच वर्षी सुरू व्हायला हवी. जुने फिटर निवृत्त झाल्यावर नव्यांना शिकवायला माणूस मिळणार नाही, आणि दादरच्या कार्यशाळेची यंत्रे एकटी काम करत नाहीत.

पुढची निविदा काढण्यापूर्वी तिचा मसुदा मराठीत संकेतस्थळावर तीस दिवस ठेवावा, आणि देयकाचे तीन भाग, पगाराचे कलम, १५ टक्क्यांची मर्यादा, प्रशिक्षणाचे कार्ड व चार्जरची मालकी यांपैकी जे घेणार नसाल त्याचे कारण समितीच्या इतिवृत्तात नोंदवावे, ही विनंती.

आपले,
बेस्टच्या वेळापत्रक, आगार आणि कार्यशाळा विभागांतून निवृत्त झालेले काही कर्मचारी